अर्ध्या वाटेवर येणारा 'प्रो' कन्सोल नेमका कोणासाठी?

७ नोव्हेंबर २०२४ ला सोनीने पीएस ५ प्रो बाजारात आणला. पीएस म्हणजे प्लेस्टेशन, सोनीचा कन्सोल, टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन. अमेरिकेत किंमत ६९९ डॉलर. यात डिस्क ड्राइव्ह नाही. हवा असेल तर त्याचे ८० डॉलर वेगळे. मशीन उभं ठेवायला स्टँड हवा असेल तर त्याचे आणखी ३०. चार वर्षांपूर्वी मूळ पीएस ५ ४९९ डॉलरला आला होता, तोही डिस्क ड्राइव्ह आणि स्टँडसकट.

जुन्या गेमर मंडळींना हे सगळं उलटं वाटलं. त्यांचं चुकलंही नाही, कारण त्यांनी वेगळाच रिवाज पाहिला होता. पीएस २ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला. २००२ मध्ये तो १९९ ला मिळू लागला, २००४ मध्ये १४९ ला आणि २००९ मध्ये चक्क ९९ ला. पीएस ३ चं महागडं मॉडेल २००६ मध्ये ५९९ डॉलरचं होतं. तीन वर्षांत त्याची सडपातळ आवृत्ती २९९ वर आली. ज्याला घाई नाही त्याने दोन-तीन वर्षं कळ काढायची आणि निम्म्या किमतीत तेच मशीन घरी आणायचं, असा सरळ हिशेब होता.

आता मात्र तिसऱ्या-चौथ्या वर्षी तोच कन्सोल अधिक ताकदवान होऊन जास्त किमतीला येतो. पीएस ४ प्रो, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन एक्स, पीएस ५ प्रो ही सगळी त्याच जातीची मशीनं. नवी पिढी म्हणावी तर नाही, कारण गेम तेच असतात. जुनी म्हणावी तर तीही नाही. कंपन्या हा खटाटोप का करतात हे समजून घ्यायचं तर आधी त्यांचा गल्ला कुठे भरतो ते पाहायला हवं.

पैसा मशीनमध्ये नसतो

कन्सोलचा धंदा प्रिंटरसारखा आहे. मशीन जेमतेम लागत खर्चात किंवा थोडा तोटा सोसून विकायचं आणि वसुली शाईवर करायची. पीएस ५ विकायला सुरुवात झाल्यावर डिस्कवाल्या मॉडेलवरचा तोटा थांबायलाच २०२१ चं निम्मं वर्ष सरलं. खरी कमाई पुढे होते. कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेमवर साधारण ३० टक्के कमिशन, गेमच्या आत विकल्या जाणाऱ्या वस्तूंवर तेवढंच, शिवाय ऑनलाइन खेळण्यासाठीची वर्गणी.

या हिशेबात सगळी गिऱ्हाइकं सारखी नसतात. वर्षाकाठी एखादा फुटबॉलचा गेम घेणारा एक, आणि प्रत्येक मोठा गेम पहिल्याच दिवशी पूर्ण किमतीला घेणारा दुसरा. दुसऱ्या प्रकारची माणसं थोडी, पण गल्ला भरतात ती हीच. आणि नेमकी हीच माणसं चोखंदळ असतात. त्यांना सावल्या धूसर दिसलेल्या चालत नाहीत, फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं, अडखळलेल्या चालत नाहीत.

कन्सोल बाजारात येतो त्या दिवसापासून त्याचं हार्डवेअर गोठलेलं असतं. पीसीचं तसं नाही. तिथे दर दोन-एक वर्षांनी नवं ग्राफिक्स कार्ड येतं. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत दोघांतली दरी उघड्या डोळ्यांना दिसू लागते. सोनीच्या गेमिंग विभागाचे तेव्हाचे प्रमुख अँड्र्यू हाऊस यांनी २०१६ मध्ये हे मोकळेपणाने सांगितलं होतं. कन्सोलच्या आयुष्याच्या मध्यावर, सर्वोत्तम ग्राफिक्स हवे असणारे खेळाडू पीसीकडे सरकू लागतात अशी आकडेवारी त्यांच्या पाहण्यात आली होती, आणि पीएस ४ प्रो काढण्यामागे तिचा मोठा वाटा होता.

असा खेळाडू पीसीवर गेला की तो स्टीम या पीसीच्या ऑनलाइन दुकानातून गेम घेतो, आणि ते ३० टक्के सोनीऐवजी व्हॉल्व्ह या कंपनीच्या खात्यात जमा होतात. प्रो मशीनवर सोनीला दमडीही सुटली नाही तरी हा खेळाडू दुकानात टिकला, एवढ्यावर तिचं भागतं. त्यात आणखी एक गंमत आहे. प्रो घेणारा आपला जुना कन्सोल माळ्यावर टाकत नाही. विकतो, नाहीतर धाकट्या भावाला देतो. म्हणजे शाई विकत घेणारं आणखी एक घर तयार.

चिप स्वस्त होणं थांबलं

हे झालं अर्धं उत्तर. ग्राहक टिकवायची गरज पूर्वीही होती, मग तेव्हा किमती उतरत कशा होत्या? ती सगळी करामत चिप बनवण्याच्या तंत्राची.

चिप सिलिकॉनच्या गोल चकतीवर छापली जाते. एका चकतीचा खर्च साधारण ठरलेला असतो. दोन-तीन वर्षांनी कारखाने तेच सर्किट आणखी बारीक छापायला शिकले की त्याच चकतीवर जास्त चिप बसतात आणि प्रत्येक चिप स्वस्त पडते. बारीक चिपला वीज कमी लागते, म्हणून ती कमी तापते. मग पंखा छोटा चालतो, पॉवर सप्लाय छोटा चालतो, खोका हलका होतो आणि एका कंटेनरमध्ये जास्त खोके मावतात. 'स्लिम' मॉडेलं दिसायला नाजूक असतात खरी, पण त्यांचा जन्म या काटकसरीतून होतो.

पीएस ४ ची मूळ चिप २८ नॅनोमीटर तंत्राची होती. हा आकडा जितका लहान, तितकी छपाई बारीक. २०१६ पर्यंत १६ नॅनोमीटरचं तंत्र हाताशी आलं, आणि सोनीने एकाच मोसमात त्याचे दोन उपयोग केले. सप्टेंबरमध्ये पीएस ४ स्लिम आला. ताकद तीच, चिप लहान, किंमत २९९ डॉलर. नोव्हेंबरमध्ये पीएस ४ प्रो आला. त्यात जवळपास जुन्या चिपएवढ्याच जागेत दुप्पट ग्राफिक्स कोंबलं होतं आणि किंमत होती ३९९, म्हणजे २०१३ मध्ये मूळ पीएस ४ ची होती तेवढीच. तंत्रातून झालेली बचत एका मशीनने ग्राहकाच्या खिशात टाकली, दुसऱ्याने ती पडद्यावर खर्च केली.

पण हा झरा पुढे आटत गेला. नव्या तंत्राच्या कारखान्यांचा खर्च इतका वाढला की चकतीच महाग झाली. चिपमधले काही भाग, उदाहरणार्थ आतली जलद मेमरी, आता फारसे आक्रसतच नाहीत. पीएस ५ ची चिप ७ नॅनोमीटरवरून २०२२ मध्ये ६ वर गेली. मशीन हलकं झालं, वीज कमी खाऊ लागलं, पण किंमत खाली आली नाही. उलट त्याच वर्षी युरोपसह अनेक देशांत ती वाढली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतही पीएस ५ ५४९ डॉलरवर आणि प्रो ७४९ वर गेला. पाचव्या वर्षी महाग होणारा कन्सोल ही गोष्ट पीएस २ च्या काळात सांगितली असती तर लोक हसले असते.

स्वस्त करून नवं गिऱ्हाईक ओढायचा मार्ग असा अरुंद झाला की कंपनीकडे मधल्या वर्षांत करण्यासारखं उरतं काय? जास्त पैसे द्यायला जो तयार आहे त्याच्यासाठी जास्त किमतीचं मशीन. शिवाय ७०० डॉलरची पाटी शेजारी लागली की ५०० चा कन्सोल परवडणारा वाटू लागतो, हा दुकानदारीतला जुना डाव आहेच.

सगळं दुप्पट होत नाही

प्रो म्हणजे दुप्पट ताकद असं जाहिरातीत भासवलं जातं. आत डोकावलं की दिसतं, दुप्पट झालेली असते फक्त एक बाजू.

गेम सेकंदाला ३० चित्रं दाखवत असेल तर प्रत्येक चित्रासाठी मशीनला सुमारे ३३ मिलिसेकंद मिळतात. ६० चित्रं हवी असतील तर साडेसोळाच्या आसपास. या वेळात दोन प्रकारची कामं उरकायची असतात. शत्रू कुठे आहे, गोळी कोणाला लागली, भिंत कोसळली तर विटा कुठे पडतील, हे ठरवतो सीपीयू. मग ठरलेलं दृश्य ठिपक्या-ठिपक्याने रंगवतो जीपीयू.

रंगवायच्या कामाचे हजारो सारखे तुकडे पाडता येतात, म्हणून तिथे हात वाढवले की काम भरभर होतं. ठरवायच्या कामात एक गोष्ट दुसरीवर अवलंबून असते. गोळी लागली की नाही हे कळल्याशिवाय माणूस पडणार की पळणार हे ठरत नाही. तिथे नुसते हात वाढवून भागत नाही, मुळात वेगवान सीपीयू लागतो.

पीएस ४ प्रोमध्ये जीपीयू १.८४ टेराफ्लॉपवरून (हे त्याची ताकद मोजायचं माप) ४.२ वर गेला, म्हणजे सव्वादोन पटीहून थोडा जास्त. सीपीयू मात्र त्याच घराण्यातला ठेवून १.६ गिगाहर्ट्झवरून २.१ पर्यंत जेमतेम वाढवला. हा कंजूषपणा वाटेल, पण त्यामागे विचार होता. चित्रात ठिपके किती, हे शेवटच्या टप्प्यावर बदलता येतं आणि गेम तोच राहतो. पण दणकट सीपीयू दिला आणि कोणी त्याच्या भरवशावर शहरात चौपट गर्दी उभी केली, तर तो गेम जुन्या मशीनवर चालणारच नाही. म्हणून मधल्या पिढीत ठिपके वाढतात, जग वाढत नाही. ३० फ्रेमवर चालणारे कित्येक गेम प्रोवरही ३० वरच का राहिले, त्याचं उत्तर इथे आहे.

जुने गेम बिघडू नयेत म्हणून तर आणखीच काळजी घ्यावी लागते. कन्सोलचे गेम एका ठरावीक चिपच्या चालीला इतके घट्ट बांधलेले असतात की चिप वेगवान झाल्यावरही काही गडबडू शकतात. पीएस ४ प्रोचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. त्यांनी जुन्या जीपीयूशेजारी त्याचंच आरशातलं प्रतिबिंब ठेवलं, फुलपाखराच्या दोन पंखांसारखं. १८ भागांचे ३६ झाले. जुना गेम लावला की एक पंख मिटायचा, वेगही खाली आणायचा, आणि त्या गेमला आपण जुन्याच मशीनवर आहोत असं वाटायचं.

आता ४के चा हिशेब पाहा. १०८०पी चित्रात सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, ४के मध्ये ८२.९ लाख. म्हणजे काम चौपट, आणि हातातला जीपीयू सव्वादोन पट. ही तूट भरून काढायला सोनीने चेकरबोर्ड रेंडरिंगचा आधार घेतला. एका चित्रात बुद्धिबळाच्या पटावरची फक्त पांढरी घरं रंगवायची, पुढच्या चित्रात फक्त काळी. उरलेली घरं आधीच्या चित्रावरून भरायची. मधल्या वेळात वस्तू कुठून कुठे सरकली याचा माग ठेवून तो रंग योग्य जागी हलवायचा. हा माग नीट लागावा म्हणून प्रोच्या चिपमध्ये खास सोयही केली होती. सोफ्यावर बसून पाहिलं तर खऱ्या ४के मधला फरक ओळखणं कठीण. पण विजेच्या तारा, गवताची पाती किंवा उडणारे केस जवळून पाहा, कडेला करवतीचे दाते दिसतील.

पीएस ५ प्रोमध्ये हेच काम एआयवर चालणारं पीएसएसआर करतं: कमी ठिपक्यांचं चित्र घ्यायचं आणि प्रशिक्षित न्यूरल नेटवर्ककडून ते मोठं करून घ्यायचं. तिथे जीपीयूचे भाग ३६ वरून ६० झाले, तरी सोनीचा स्वतःचा दावा सुमारे ४५ टक्के जास्त वेगाचा होता, कारण मेमरी तेवढ्या प्रमाणात वेगवान झाली नव्हती. आणि सीपीयू? तोच. या वेळी प्रो काढण्यामागचं मार्क सर्नी यांनी दिलेलं कारण मात्र निराळं होतं. पीएस ५ वर 'सुंदर चित्र' की 'सहज हालचाल' असा पर्याय दिला की खेळाडू तीन चतुर्थांश वेळा हालचालीची निवड करतात, तेव्हा दोन्ही एकत्र देण्याचा हा प्रयत्न. कारण प्रामाणिक वाटतं. त्यासाठी एवढे पैसे मोजावेत का, हा वेगळा प्रश्न.

आधीच्या गिऱ्हाइकाला दुखवायचं नाही

मधलं मशीन काढताना कंपन्यांच्या मनात सर्वात मोठी धास्ती असते जुन्या मालकांची. तिला कारण आहे सेगा ही जपानी कंपनी.

नोव्हेंबर १९९४ मध्ये सेगाने अमेरिकेत १५९ डॉलरला ३२एक्स नावाचं एक जोडयंत्र आणलं. सेगाच्या आधीच्या कन्सोलवर, म्हणजे आपल्याकडच्या मेगा ड्राइव्हवर किंवा अमेरिकेतल्या जेनेसिसवर, ते वरून खोचायचं आणि त्यासाठी बनलेले वेगळे गेम खेळायचे. त्याच महिन्यात जपानमध्ये सेगाने आपला पुढच्या पिढीचा सॅटर्न कन्सोल विकायला काढला. गेम बनवणाऱ्यांनी सरळ सॅटर्नची वाट धरली, ३२एक्ससाठी मोजकेच गेम आले आणि ज्यांनी पैसे घातले ते उघड्यावर पडले. सेगाच्या पुढच्या मशीनकडे लोक संशयाने पाहू लागले, त्यात या प्रकरणाचा वाटा होता.

म्हणून पीएस ४ प्रोच्या वेळी नियम स्पष्ट होता: फक्त प्रोवर चालणारा गेम काढायचा नाही. यात भलेपणा कमी आणि व्यवहार जास्त. २०१७ मध्ये हाऊस यांनीच सांगितलं होतं की प्रो आल्यापासून विकल्या गेलेल्या दर पाच पीएस ४ मधला एक प्रो असतो. म्हणजे नव्या खरेदीतसुद्धा पाचातले चार साधे, आणि आधी घराघरांत गेलेले कोट्यवधी साधे वेगळेच. एवढा बाजार सोडून कोणता प्रकाशक फक्त प्रोसाठी गेम काढेल? निनटेंडोने न्यू थ्रीडीएसवर, म्हणजे आपल्या थ्रीडीएस या हातात धरायच्या कन्सोलच्या सुधारित आवृत्तीवर, फक्त त्याच मशीनवर चालणारे काही गेम काढून पाहिले, झेनोब्लेड क्रॉनिकल्स थ्रीडी त्यातला ठळक. पण ती यादी तोकडीच राहिली.

नियम असला तरी कागदावरचा आणि पडद्यावरचा फरक उरतोच. सायबरपंक २०७७ हा गेम डिसेंबर २०२० मध्ये साध्या पीएस ४ वर इतका वाईट चालला की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला. सहा महिन्यांनी तो परत आला, तेव्हा सोनीचीच सूचना होती: चांगल्या अनुभवासाठी पीएस ४ प्रो किंवा पीएस ५ वर खेळा. साध्या मशीनच्या मालकाने यातून काय समजायचं ते समजावं.

उलट बाजूही आहे. सगळ्यात कमकुवत मशीन सगळ्यांची गती ठरवतं. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये मधल्या वर्षांची वाट न पाहता पहिल्याच दिवशी दोन मशीनं काढली: ४९९ डॉलरचा सिरीज एक्स आणि २९९ चा सिरीज एस. २०२३ मध्ये बाल्डर्स गेट ३ एक्सबॉक्सवर महिनोन्‌महिने अडकला, कारण दोघांनी एकाच पडद्यावर खेळायची सोय सिरीज एसला पेलत नव्हती. शेवटी त्या सोयीशिवाय एसवर तो आणायची मुभा मिळाली, तेव्हा कुठे डिसेंबरमध्ये गेम आला.

सगळेच हा खेळ खेळत नाहीत

मायक्रोसॉफ्टने आधीच्या पिढीत हा डाव जोरात खेळला होता. २०१३ चा एक्सबॉक्स वन पीएस ४ पेक्षा १०० डॉलरने महाग आणि तरी कमजोर होता. अनेक गेम तिकडे १०८०पी तर इकडे ९००पी, म्हणजे कमी ठिपक्यांचे. २०१७ मध्ये एक्सबॉक्स वन एक्स ६ टेराफ्लॉप आणि १२ जीबी मेमरी घेऊन आला तो मुख्यतः ही बदनामी धुऊन काढायला. विक्रीत पीएस ४ ला गाठणं तेव्हा शक्य नव्हतं, पण 'सर्वात ताकदवान' हा शिक्का मिळाला.

या पिढीत मात्र त्यांनी सोनीच्या तोडीचा प्रो काढला नाही. २०२४ मध्ये आला तो बिनडिस्कचा सिरीज एक्स, आतली ताकद तीच. माझ्या मते कारण साधं आहे. खेळाडू पीसीकडे गेला तर सोनीचं नुकसान होतं. मायक्रोसॉफ्टचं तितकं नाही, कारण तो विंडोजवरच जातो आणि तिथेही मायक्रोसॉफ्टची गेम पास ही वर्गणी योजना आहेच.

निनटेंडोचा तर सूरच वेगळा. २०२१ मध्ये लोक त्यांच्या स्विच या कन्सोलच्या प्रोची वाट पाहत होते आणि आला स्विच ओलेड: पडदा सात इंची आणि देखणा, चिप जुनीच. मारिओ आणि झेल्डा खेळायला दुसरीकडे जायची सोय नसल्यामुळे पीसीच्या भीतीने त्यांची झोप उडत नाही.

आपल्याकडे

पीएस ५ प्रो जगभर आला तेव्हा भारतात आलाच नाही, आणि याचं कारण किंमत नव्हती. त्यात वाय-फाय ७ आहे, आणि ते वापरतं तो ६ गिगाहर्ट्झचा रेडिओलहरींचा पट्टा तेव्हा भारतात खुला झालेला नव्हता. अशा देशांत, भारतासह, प्रो उपलब्ध होणार नाही असं सोनीने कळवलं होतं. पुण्या-मुंबईच्या पोरांनी तेव्हा आखाती देशांतल्या किंवा सिंगापूरच्या नातेवाइकांना गळ घातली असेल तर नवल नाही. पण परदेशातून आणलेलं मशीन बिघडलं तर वॉरंटीची पंचाईत होते, हे गृहीत धरून आणावं.

घेण्याआधी टीव्हीकडे पाहा. तो १०८०पी असेल तर प्रोच्या बऱ्याचशा कष्टांचं चीज होत नाही. ४के असूनही जुना, एचडीएमआय २.१ (केबलचं नवं जोडण) किंवा १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० चित्रं) नसलेला असेल, तर निम्मं चीज होतं. आणि साधा पीएस ५ आधीच घरात असेल, तर तुम्ही गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन 'परफॉर्मन्स' (सहज हालचाल) आणि 'फिडेलिटी' (सुंदर चित्र) हे दोन पर्याय आलटून-पालटून लावून बघा. दोन्हींतला फरक डोळ्यांना जाणवलाच नाही, तर प्रोचा विचार तिथेच सोडून द्यायला हरकत नाही. त्या पैशात आठ-दहा चांगले गेम येतात.